बिनबाह्यांचे कोट

सोलापूर, ३ डिसेंबर २०२४

बसलिंगप्पा भाऊजी,

पाण्याचा दिवस होता. नळाला धार करंगळीएवढी. मी पहाटेच पिंप घासून ठेवलं होतं, घागरी रांगेला लावल्या होत्या, आणि पाईप कधी पिंपात, कधी हौदात फिरवत उभी होते. तव्यावर भाकरी टाकलेली. ती उलटायला आत पळाले, परत येईपर्यंत शेजारच्या गिरिजाबाईंनी त्यांची बादली माझ्या पाईपखाली सरकवली होती. त्यावरून आमचं नेहमीचं भांडण चाललं होतं. तेवढ्यात तुमचा टेम्पो आला.

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पुण्याच्या साहेबांनी पाठवलंय. कुठला माल उचलायचा?" सोलापुरात पाणी आलेलं असताना बाई नळ सोडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही याच नळावर मोठे झालात. मी खालच्या खोलीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "भिंतीकडचं सगळं घे." त्यानं सगळं घेतलं. पाणी गेलं तेव्हा टेम्पोही गेला होता.

दुपारी खोली झाडायला गेले तर एक पोतं नव्हतं.

तुम्ही दिवाळीत फोनवर उरलेले ताके मागितले होते. आपल्या गणवेशाच्या कारखान्यात तुमचा निम्मा वाटा आहे, म्हणून मी वाद घातला नाही. ताके सगळे गेले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पोतं मी कबूल केलं नव्हतं. कटिंगच्या टेबलाखाली दोन पोती होती. ती मी आदल्या दिवशी बाहेर ओढली होती, एक भिंतीला टेकवलं, एक दाराआड. भिंतीकडचं गेलं.

त्यात ताके नाहीत, कापलेले कोट आहेत. तुमच्या अण्णांनी, म्हणजे ह्यांनी, लॉकडाउनच्या आधी जेऊरच्या निवासी शाळेसाठी कापलेले. आईबाप मेंढरं घेऊन बाहेर पडले की मुलं जिथं राहतात, ती शाळा. कापड सिमल्याकडच्या एका शाळेच्या ब्लेझरच्या ऑर्डरीतून उरलेलं, मरून रंगाचं, चांगलं गरम. उरलेलं कापड हे विकायला तयार नव्हते. म्हणायचे, डोंगरातल्या पोरांचं झालं, आता माळावरच्या पोरांचं करू. त्यांच्या पद्धतीनं पाठ आणि पुढचे भाग एका पोत्यात भरले, बाह्या आणि कॉलरी दुसऱ्यात. मग शाळा बंद पडल्या. पुढच्या एप्रिलात हे गेले.

पोती मी उघडली नाहीत. उघडवली नाहीत. या दिवाळीनंतर शाळेच्या जोतीराम गुरुजींचा फोन आला. ते म्हणाले, "बाई, मागं कोट ऱ्हायले ते मनात धरू नका, पण थंडी लई हाय औंदा. जमंल तेवढं बघा." तेव्हाची मुलं आता मोठी झाली. पण तेवढ्याच मापाची दुसरी आली आहेत, शाळेत दरवर्षी तेच असतं. म्हणून मी पोती बाहेर काढली होती. शिवायला बसणार होते.

तुम्हाला फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. परत केला तर तुमच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, सर मीटिंगमध्ये आहेत. म्हणून कागद. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. कागदावर तसं होत नाही.

पोतं परत पाठवा. उघडलं असेल तर होतं तसं बांधून पाठवा.

चन्नम्मा


सोलापूर, १९ डिसेंबर २०२४

भाऊजी,

पत्राला मायना असतो हे मला माहीत आहे. या पत्राला घालत नाही.

तुमचा निरोप मिळाला होता, "वहिनी, चुकून आलं असेल, बघतो." मी वाट बघत बसले. तुम्ही काय बघत होता ते काल मला कळलं.

काल संध्याकाळी गिरिजाबाई फोन घेऊन आल्या. "अगं चन्नम्मा, हे बघ की. तुजा दीर पोरींच्या घोळक्यात हात जोडून उभा हाय. दुसरं लगीन केलं का काय?"

मी चष्मा लावला. पुण्यातला तुमचा फॅशन शो. अंधारातून पोरी येतात, कुणीतरी हाक मारलीय आणि जायचं मनात नाही अशा चालतात, आणि वळून जातात. अंगात मरून कोट. रंग मी लांबून ओळखला. दहावीच्या पोरांची मापं त्या काटकुळ्या पोरींना बसली आहेत. पाचवी-सहावीचे दोन-दोन कोट एकाला एक जोडून झगे केले आहेत. खालच्या कडेला घोंगडीची काळी पट्टी. एकीच्या डोक्यावर, धनगर पावसात घेतो तशी घोंगडीची खोळ. आणि कुठल्याच कोटाला बाह्या नाहीत.

माईकवाली बाई म्हणाली की मेंढपाळाचे हात मोकळे असतात, काठीला, कोकराला, आणि वारसा जपणाऱ्या या कोटाला म्हणून बाह्या नाहीत.

गिरिजाबाई म्हणाल्या, "मोकळं कशाचं. थंडीनं काकडत्यात की पोरी."

मी म्हटलं, "बाह्या माझ्याकडं आहेत. दाराआड."

त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. मला हसू आलं नाही, कारण तोवर तुम्ही बोलायला लागला होता.

तुम्ही बोललात ते मी परत लावून ऐकलं आणि लिहून घेतलं. "माझा मोठा भाऊ रुद्रप्पा. आमच्या भागातल्या शेवटच्या घोंगडी विणकरांपैकी एक. खड्डामागावर बसलेला अण्णा आणि त्याच्या मागाचा आवाज, हेच माझं बालपण. आज तो नाही. हे कापड बोलतं ते त्याचं बोलणं." मग टाळ्या. मागच्या पडद्यावर अण्णांचा फोटो, फेटा बांधलेला. तो फोटो तुमच्याच लग्नातला आहे. त्यात त्यांच्या शेजारी मी होते. आता माझा खांदा तेवढा राहिलाय.

मी चौथी नापास. वाचायला मी तुमच्या अण्णांच्या कागदी नमुन्यांवरून शिकले. ते जुन्या पेपरचे नमुने कापायचे. बाहीवर अर्धी बातमी असायची, उरलेली पाठीवर, आणि दोन्ही शोधून लावल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. पुढं त्यांनीच माझं नाव पेठेतल्या वाचनालयात घातलं. त्यामुळे बातमी अर्धी असली की मला लगेच कळतं.

तुमची उरलेली अर्धी मी सांगते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तुमच्या अण्णांनी मागाला हात लावलेला मी पाहिला नाही. तुम्हीही पाहिलेला नाही. मागावर बसायचे ते आप्पा, तुमचे वडील. सासूबाई त्यांना सूत काढून द्यायच्या आणि लोकरीच्या वासाला कानडीत शिव्या द्यायच्या. त्यांचं नाव तुम्ही पुण्यातल्या दुकानाला दिलंय. त्यांना विचारलं असतं तर त्या शिव्या तुम्हालाही मिळाल्या असत्या. अण्णा कटर होते. शाळेचे कोट कापायचे. मुलं वाढतात, कोट वाढत नाही, म्हणून शिवणीत दुप्पट माया ठेवायचे. दुसऱ्या वर्षी उसवून सैल करता आला पाहिजे. गिऱ्हाईक कुरकुरायचं, कापड जास्त लागतं म्हणून. हे ऐकून घ्यायचे आणि तसंच कापायचे.

तेवढंच काम त्यांनी केलं. आयुष्यभर केलं. त्यात टाळ्या वाजवण्यासारखं काही नसेल तर वाजवू नका, पण दुसऱ्याचं काम त्यांच्या गळ्यात बांधू नका.

मागच्या पत्रात मी पोतं मागितलं होतं. आता पोतं राहिलं नाही हे मी बघितलं. जे कोट झालेत ते पाठवा. झगे झालेत तेही पाठवा. मी उसवून घेईन. आणि जिथं विणकर म्हणालात तिथंच उभं राहून कटर म्हणा.

दोन गोष्टी मागते आहे. जास्त नाहीत.

चन्नम्मा


सोलापूर, ६ जानेवारी २०२५

भाऊजी,

तुमचा आवाजातला निरोप ऐकला. गिरिजाबाईंच्या समोर लावला, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर मी लपवलं असं नको.

पुण्याला गेल्यापासून तुम्ही मला वहिनी म्हणता. या निरोपात पहिलाच शब्द "अत्तिगे" आला. राग आला की माणसाला घरची भाषा आठवते.

तुम्ही म्हणता, "अत्तिगे, युनिफॉर्मच्या कटरची गोष्ट कोण ऐकणार? विणकर म्हटलं की लोक थांबतात. माझ्याकडं बारा-पंधरा बायका मशीनवर बसतात, त्यांच्या पोटाचं मी बघायचं का तुमच्या शब्दाचं? आणि ते पोतं तिथं पडून कसर लागली असती. मी ते जगापुढं आणलं."

कसरीचं खरं आहे. बाह्यांचं पोतं उघडलं तर दोन कॉलरींना लागलेलीच होती. बायकांचं पण खरं असेल. मी त्यांना ओळखत नाही.

पण मग आवाज बदलून तुम्ही म्हणालात, "विणकर म्हटलं ते चुकलं नाही माझं. आप्पा जिवंत असताना त्यांचा माग अण्णानं बुजवला. मी सुट्टीला आलो तर माग नव्हता. एक शब्द मला विचारला नव्हता. मला शिकायचं होतं ते. आता मी त्याला त्याच खड्ड्यात बसवलाय. बसू दे."

हे तुम्ही इतकी वर्षं पोटात ठेवलंत. बरं झालं, बाहेर आलं. आता माझं ऐका.

हो, बुजवला. माती मी वाहिली, पाटीनं, मागच्या परसातून. अण्णांनी चोपणी घेऊन चोपली. वर शहाबादी फरशी बसवली आणि फरशीवर कटिंगचं टेबल. आजही ते टेबल तिथंच आहे. घोंगडी कुणी घेत नव्हतं, गोदामात थप्पी लागली होती, सासूबाईंचा खोकला लोकरीच्या भुशानं थांबत नव्हता. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपायचं आणि आप्पा पाण्यात पाय ठेवून विणायचे. तुम्ही तेव्हा पुण्याला कॉलेजात होता. त्या टेबलावर कापलेल्या कोटांवर तुमचं वसतिगृह चाललं. हे मी आज लिहिते आणि परत लिहिणार नाही.

आप्पांना विचारलं होतं का, असं तुम्ही विचाराल. नव्हतं. ते यात्रेला गेले होते. परत आले, फरशी बघितली. दुसऱ्या दिवसापासून त्याच जागी येऊन बसायला लागले. मागावर बसताना पाय खड्ड्यात सोडायची सवय. आता पाय सोडायला जागा नाही, म्हणून ते टेबलाखाली गुडघे छातीशी ओढून बसायचे. अण्णांनी त्यांना एकदाही उठा म्हटलं नाही. वर हे कापायचे, खाली आप्पा बसलेले. कापडाचे तुकडे त्यांच्या डोक्यावर पडायचे, ते उचलून घडी घालून ठेवायचे. आप्पा जाईपर्यंत असंच चाललं. ते गेल्यावर तुमचे अण्णा कित्येक दिवस टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं कापत होते.

तुम्हाला हे माहीत नव्हतं, कारण तुम्ही सुट्टीत आलात की आप्पा बाहेर ओट्यावर बसायचे. धाकट्याला दिसू नये म्हणून.

आता मला सांगा. घोंगडीला आपल्या घरात कात्री लावत नाहीत. दोन पट्ट्या विणायच्या, मधे हातशिवण घालून जोडायच्या. झिजली की शिवण उसवायची, पट्ट्या वेगळ्या करायच्या, पण कापायची नाही. आप्पांनी विणलेली शेवटची घोंगडी वाटणीच्या दिवशी मीच उसवली. एक पट्टी तुम्हाला दिली, एक अण्णांना. व्हिडिओत त्या कोटांच्या कडेला काळी पट्टी आहे. तिच्या काठाची पांढरी रेघ एका ठिकाणी तिरकी जाते. आप्पांना शेवटी शेवटी दिसत नव्हतं, म्हणून ती तिरकी गेली. ती रेघ मी कुठंही ओळखीन.

अण्णांनी माग बुजवला. तुम्ही घोंगडी कापली. तुमच्यापैकी कुणी कुणाला बोलायचं ते तुम्हीच ठरवा. मी दोघांनाही बोलू शकते, पण एक उरलेला नाही.

आमची पट्टी मी ह्यांच्या अंगावर घालणार होते. करोनाच्या त्या दिवसांत कुणाचंच माणूस घरी देत नव्हते. पट्टी हातात घेऊन मी दवाखान्याच्या फाटकापाशी बसले होते, आणि सिक्युरिटीवाला म्हणाला, मावशी, सावलीत बसा. तेवढंच मला आठवतं.

कोट पाठवा.

चन्नम्मा


सोलापूर, २४ जानेवारी २०२५

भाऊजी,

तुम्ही येऊन गेलात त्याला आता आठवडा होईल. त्या दिवशी मी फार बोलले नाही, कारण दारात गिरिजाबाई उभ्या होत्या आणि गल्लीत गड्ड्याच्या जत्रेला आलेले पाहुणे. आता लिहिते. तुम्ही काय काय म्हणालात तेही लिहिते, म्हणजे पुढं कधी पुण्यात हे सांगाल तेव्हा त्यात माग-बिग घालू नका.

तुम्ही कागदी पिशवीतून कोट काढून टेबलावर ठेवलात. म्हणालात, "अत्तिगे, हा तुमच्यासाठी. पहिला नमुना."

मी विचारलं, "बाकीचे?"

"बाकीचे गेले. दिल्लीला, मुंबईला. विकले गेले."

"सगळे?"

"सगळे. लोकांनी रांगा लावल्या."

मी कोट उलटा केला आणि आतून शिवण चाचपली. बाही बसते तो मुंडा खोल कापून त्याला गोट मारला होता. माया कातरून टाकली होती, अगदी शिवणीपर्यंत. तुमच्या पोरींना वाढायचं नव्हतं, म्हणून. कोट परत आले असते तरी त्यात बाही बसली नसती. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि मी कोट खाली ठेवला. तुम्हाला वाटलं, मला आवडला नाही.

गिरिजाबाई म्हणाल्या, "पावनं, च्या घेणार का न्हाई? का पुण्यात सोडला?"

"घेईन की," तुम्ही म्हणालात, आणि त्यांच्याशी बोलताना तुमचं पुणं गळून पडलं. मग माझ्याकडं वळून, "अत्तिगे, बाह्या कुठायत?"

"दाराआड."

"मुंबईला मार्चमध्ये मोठा शो आहे. माझ्या डोक्यात एक आहे. त्या सगळ्या बाह्या छतापासून लटकवायच्या. नुसत्या बाह्या. खालून मॉडेल चालणार. अण्णाचे हात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल."

गिरिजाबाई बोलल्या. "भुतं बोलवायची हायत का काय? मेलेल्याचं हात टांगून कुणाच्या दारात जाता?"

"मावशी, तुम्हाला नाही कळायचं."

"न्हाईच कळायचं. च्यात साखर घालू का तुमाला तीबी टांगायची?"

तुम्ही हसलात. मीही हसले असते, इतर कुठल्याही दिवशी.

मग तुम्ही खुर्ची ओढून टेबलापाशी बसलात, अगदी आप्पांच्या जागेवर, आणि आवाज खाली आणून म्हणालात, "हे बघा. तुम्हाला हवं ते मी म्हणेन. मुंबईत, सगळ्यांसमोर, माईकवर. माझा भाऊ कटर होता, शाळेचे कोट कापायचा, जेऊरच्या मुलांसाठी कापलेले हे शेवटचे. सगळं खरं. तुमचाही फोटो लावतो, अर्धा नाही, पूर्ण. पण बाह्या द्या."

खोटं सांगत नाही, भाऊजी, मी थांबले. महिनाभर मी तेच मागत होते. तुमच्या तोंडून एकदा कटर ऐकायचं होतं. हजार माणसांत कुणीतरी म्हणावं, की रुद्रप्पा नावाचा माणूस होता आणि तो दुप्पट माया ठेवून कोट कापायचा. पेपरात छापून आलं असतं. मी कात्रण काढून ठेवलं असतं. वाचनालयातल्या बाईंना दाखवलं असतं.

तुम्हाला वाटलं, मी हो म्हणणार. तुम्ही पोत्याकडं बघायला लागला होतात.

मी म्हटलं, "आणि गुरुजींना काय सांगू?"

"कोण गुरुजी?"

तुम्हाला मी तीन पत्रं लिहिली. तिन्ही पत्रं कशासाठी होती ते तुम्ही दोन शब्दांत विचारलंत. "जेऊरचे," मी म्हटलं.

"हां, ते," तुम्ही म्हणालात. "अत्तिगे, पाठ नाही, पुढचा भाग नाही. नुसत्या बाह्यांचं ती पोरं काय करणार?"

बरोबर विचारलंत. चहा झाला, तुम्ही उठलात, दारात परत म्हणालात, "विचार करा. मार्चपर्यंत वेळ आहे." मी म्हटलं, "केला." तुम्हाला ते नीट ऐकू आलं नसावं, कारण तुम्ही मान हलवून निघून गेलात.

तर उत्तर हे. बाह्या मिळणार नाहीत. तुम्ही अण्णांना विणकरच म्हणा. मुंबईत म्हणा, दिल्लीत म्हणा, पडद्यावर फेट्यासकट उभं करा आणि माझा खांदाही कापा. मला त्याचं वाईट वाटणार. पण वाईट वाटायची मला आता सवय आहे, त्यानं माझं काम अडत नाही. मेलेल्याला थंडी वाजत नाही, भाऊजी. नाव गेलं तरी त्यांना काही होत नाही. जेऊरच्या पोरांना वाजते.

आणखी एक. टेम्पोवाल्यानं सगळे ताके नेले असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खालच्या खोलीतले. वर माझ्या गादीखाली त्याच कापडाचे दोन ताके आहेत. हे गेल्यापासून मी त्यावर झोपते, तुम्हाला सांगायचं काही कारण नव्हतं. त्यातला एक हिशेबानं तुमचा होतो. हवा असेल तर वकील पाठवा. मी त्याला चहा देईन आणि ताका देणार नाही. या बाह्यांना पाठ आणि पुढचे भाग मला त्यातून कापायचे आहेत, आणि मला कापता येत नाही. हे असताना गरम कापडाला मी कधी कात्री लावली नाही, मी मशीनवर आणि काज-बटणाला. पहिला कोट बिघडेल. दुसराही बिघडेल कदाचित. कापड तेवढं आहे.

तुमचा नमुन्याचा कोट गिरिजाबाईंनी नेला. बारीक आहेत, बसला. पाणी भरताना घालतात. हात मोकळे राहतात म्हणतात.

यापुढं पत्र लिहिणार नाही. लिहायचं होतं ते झालं. तुमची आप्पांची पट्टी जेवढी उरली असेल तेवढी जपा, एवढं सांगते, आणि तेही मोठी म्हणून, बाकी काही म्हणून नाही.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं बाह्यांचं पोतं घेऊन जेऊरला गेले. मुलांना व्हरांड्यात रांगेनं उभं केलं आणि एकेकाच्या हातांत बाह्या चढवून बघितल्या. ज्याला जी जोडी बसली तिच्यावर खडूनं त्याचं नाव लिहिलं, छातीचं माप घेतलं, त्यात वाढीची माया धरली, आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी आले.

चन्नम्मा